हातघाई

मी बँकेत कारकून आहे हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुढे या लेखात युरोचे रुपये फार वेळा होणार आहेत, तेव्हा वाचकांनी त्याबद्दल मला नव्हे, माझ्या बी.कॉम.ला दोष द्यावा. वीस-बावीस वर्षं दुसऱ्याचे पैसे शांतपणे मोजणाऱ्या माणसाला स्वतःचे पैसे जाताना मात्र शांत राहता येत नाही.

गेल्या ऑक्टोबरात मी आणि आई जर्मनीला जाऊन आलो. धाकटी बहीण आणि मेहुणे न्यूरेंबर्गला असतात. बहिणीने पाच वर्षं 'दादा, आईला घेऊन ये ना' असा धोशा लावला होता आणि मी पाच वर्षं 'मार्च एंडिंग होऊ दे' असं उत्तर देत होतो. (मार्च एंडिंग हा आम्हा बँकवाल्यांचा राखीव रोग आहे. तो वर्षातून केव्हाही होऊ शकतो.) शेवटी आई बहात्तर वर्षांची झाली, जिना चढताना तिचे गुडघे आमच्याशी बोलू लागले, तेव्हा मी रजेचा अर्ज टाकला. सौ.ला यायचं होतं, पण घरात दहावी होती. दहावी चिरंजिवांची होती, अभ्यास सौ. करत होती.

निघण्याआधी दोन महिने मी काट्या-सुरीचा सराव केला. हा सल्ला आमच्या हेड कॅशियरांचा. ते एकदा पाच दिवस सिंगापूरला जाऊन आले आहेत आणि त्या भांडवलावर उरलेल्या जगाबद्दल अधिकाराने बोलतात. "परदेशात माणसाची परीक्षा पासपोर्टवर होत नसते, ताटावर होते," असं म्हणून त्यांनी लंच टाइममध्ये मला धडे दिले. काटा डाव्या हातात, सुरी उजव्या. खाता खाता थांबायचं असेल तर दोन्ही ताटात फाकवून ठेवायचे, घड्याळात आठ वीस झाल्यासारखे. जेवण संपलं की दोन्ही जोडून तिरपे ठेवायचे, चार वीस झाल्यासारखे. चार वीस दिसले की वेटर येऊन ताट उचलतो. आमच्या बँकेत चारशे वीस म्हटलं की वेगळाच माणूस डोळ्यांपुढे येतो, त्यामुळे हे लक्षात ठेवायला सोपं गेलं.

घरी सराव सुरू झाला. पोळी सुरीने कापली की तिचे शंकरपाळे होतात. भेंडी काट्याला सापडत नाही. वरणभात खाताना भात काट्यावर येतो आणि वरण मागे राहतं. अशा रीतीने मी तीन दिवस नुसता भात जेवलो. "तुमचं होईपर्यंत मी ओटा आवरून घेते," असं सौ. रोज म्हणायची आणि खरोखरच आवरायची. आई मात्र भिंतीला टेकून हा प्रकार बघत असे. एकदा न राहवून म्हणाली, "डाव्या हाताने जेवतोयस? चौथीत असताना ह्याच्यासाठीच तुला चिमटा काढला होता. फुकट गेला म्हणायचा."

जर्मन भाषेचाही थोडा अभ्यास केला. त्यातलं एक वाक्य मी बिनचूक पाठ केलं होतं : 'आयने गाबेल, बिटे.' म्हणजे 'कृपया एक काटा द्या.' हे वाक्य पुढे माझ्यावर कसं उलटणार आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

न्यूरेंबर्ग म्हटलं की आपल्याला १९४५-४६ चे ते मोठे खटले आठवतात. गाव मात्र खटल्याबिटल्याचं वाटत नाही. उतारावर उभी लाल कौलारू घरं, वर बादशाही किल्ला, सभोवती तटबंदी. मेहुण्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं की २ जानेवारी १९४५ च्या बाँबहल्ल्यात हे जुनं गाव जवळजवळ सगळं जमीनदोस्त झालं होतं आणि नंतर ते दगडावर दगड ठेवून पुन्हा जुन्यासारखं उभं केलं. म्हणजे आम्ही ज्या 'मध्ययुगीन' घरापुढे फोटो काढला, ते कदाचित आईच्याच वयाचं असेल. आईने त्या घराकडे जरा आपुलकीने पाहिलं.

चौथ्या दिवशी आम्ही पहिल्यांदा बाहेर जेवायला गेलो. बहीण आणि मेहुणे कामावर होते, दोघंच होतो. साधंच हॉटेल, माणसं सभ्य. बहिणीने चिठ्ठीवर लिहून दिलेला शाकाहारी पदार्थ मागवला : 'क्लोस'. क्लोस म्हणजे बटाट्याचा उकडलेला गोळा. आकाराने टेनिसच्या चेंडूएवढा, पोटात तळलेल्या पावाचे दोन-चार तुकडे, आणि भोवती अळंब्यांचा रस्सा. तिकडे म्हणे तो सुरीने कापत नाहीत, काट्याने फोडतात. मी काटा टोचला. गोळा रश्श्यातून पलीकडच्या काठाला गेला. मी तिकडून टोचला, तो परत आला. दोन महिन्यांच्या तयारीत हा प्रश्न आला नव्हता.

आईने दोन मिनिटं माझा खेळ पाहिला. मग पदर खोचला, उजव्या हाताने गोळ्याचा बेताचा तुकडा मोडला, रश्श्याला लावला आणि तोंडात घातला. दुसरा घास मोडला. शेजारच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं होतं. त्यांनी पाहिलं. नुसतं पाहिलं हो. कपाळाला आठी नाही, कुजबुज नाही. पण माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मी टेबलावरून हात पुढे केला, आईचं मनगट धरलं आणि हळूच म्हणालो, "आई, हाताने नको. इथे चालत नाही."

सही जुळत नाही म्हणून चेक परत करताना मी काउंटरवर जो आवाज लावतो, तोच आवाज लागला होता. मला तो ऐकू आला.

आईने हातातला घास ताटात ठेवला. कागदी रुमालाने एकेक बोट पुसलं. म्हणाली, "मला भूकच नाहीये फारशी. तू खा."

आता मी कसला खातो! काय बोलावं ते सुचेना म्हणून मी काटा आणि सुरी खाली ठेवली. ती नेमकी चार वीसवर पडली. वेट्रेस आली, हसून काहीतरी विचारती झाली. जर्मनीत मला कोणीही काहीही विचारलं तरी मी मान डोलावत असे. माझं ताट गेलं. तिने आईच्या ताटाकडे पाहिलं, आईनेही मान डोलावली. तेही गेलं. दोन माणसं उपाशी आणि बिल अठ्ठावीस युरो. शंभराने गुणलं की फारसं चुकत नाही.

त्या दिवसापासून आईने बाहेर जेवणं बंद केलं. कुठे जायचं ठरलं की ती साडेअकरालाच स्वयंपाकघरात उभ्याउभ्या दहीभात खाऊन घेई. आमच्याबरोबर यायची, मांडीवर पर्स घेऊन बसायची आणि 'तुम्ही खा, मी बसलेय' म्हणायची. बहिणीने दोनदा मला बाजूला घेऊन विचारलं, "दादा, आईचं काय बिनसलंय रे?" मी म्हटलं, "हवापाणी असेल." मी मनगट धरल्याचं सांगितलं नाही. चोवीस तासांत चूक मान्य केली तर ती दुरुस्ती होते, त्यानंतर ती फाइल होते, हा आमच्या खात्यातला अनुभव आहे.

असे बारा दिवस गेले आणि बहिणीचा वाढदिवस आला. त्यासाठी मेहुण्यांनी महिनाभर आधी एक 'खास' ठिकाण ठरवून ठेवलं होतं. आमचे मेहुणे फार चांगले आहेत, पण त्यांना माहिती होते. काहींना जसं पित्त होतं तशी. आणि झाली की ती बाहेर पडल्याशिवाय त्यांना बरं वाटत नाही. न्यूरेंबर्गच्या मेट्रोत २००८ पासून काही गाड्या बिनचालकाच्या धावतात. अशाच एका गाडीत आम्ही बसलो आणि ते सुरू झाले.

"रिटर म्हणजे सरदार, एसन म्हणजे जेवण. आज आपण सातशे वर्षांपूर्वीच्या सरदारांसारखं जेवायचंय. इकडे पुष्कळ किल्ल्यांत आणि जुन्या तळघरांत असतं हे. सगळं त्या काळातलं. कपडे, वाद्यं, बोलणंसुद्धा. आणि गंमत म्हणजे काटा नाही!"

"काटा नाही?" मी विचारलं.

"तेव्हा नव्हताच ना! सुरी आणि चमचा असायचा, बाकी बोटं. असं सांगतात की अकराव्या शतकात बायझँटियमची एक राजकन्या व्हेनिसला सून म्हणून आली, ती सोन्याचा काटा घेऊन आली. तर तिथले धर्मगुरू रागावले. देवाने बोटं दिली असताना हे नखरे कशाला, म्हणाले. जर्मनीत तर काटा घरोघरी यायला सतरावं-अठरावं शतक उजाडलं."

आई खिडकीबाहेर पाहत होती. ड्रायव्हरच्या जागी कोणी नाही हे तिने मघाशीच पाहून घेतलं होतं आणि बहुधा रामरक्षा चालू होती. ती मध्येच थांबवून तिने विचारलं, "सासू काय म्हणाली?"

"कोणाची?"

"त्या सोन्याच्या काट्यावालीची."

एवढी माहिती असलेल्या माणसालाही हे ठाऊक नव्हतं.

ते ठिकाण म्हणजे दगडी कमानींचं एक तळघर होतं. मेणबत्त्या, भिंतीवर ढाली, लांबच लांब लाकडी टेबलं आणि बाकं. आपल्या लग्नाच्या पंगतीत टेबल-खुर्च्या आल्या तेव्हाचा थाट. आमच्याच टेबलावर आठ-दहा जणांचं एक अख्खं ऑफिस बसलं होतं. टाय, कोट, साहेब कोण आणि कारकून कोण ते न सांगता कळत होतं. साहेबांच्या विनोदाला कारकून अगोदर हसतो, ही पद्धत जागतिक आहे.

मग मखमली अंगरखा घातलेला एक धिप्पाड चोपदार काठी आपटत आला आणि सगळ्यांच्या गळ्यात त्याने पांढरी फडकी बांधायला सुरुवात केली. त्यांना जर्मन भाषेत काय म्हणतात कोण जाणे. मराठीत लाळेरं म्हणतात. साहेबांच्या गळ्यात लाळेरं, टायवाल्यांच्या गळ्यात लाळेरं, मेहुण्यांच्या, माझ्या. आईपुढे आल्यावर तो थबकला, तिच्या पदराकडे बघून कमरेत वाकला आणि पुढे गेला. आई म्हणाली, "समजूतदार दिसतोय."

त्याच्यामागून एक पोरगी पितळेची झारी, परात आणि खांद्यावर पंचा घेऊन आली. एकेकाच्या हातावर पाणी घालायचं, खाली परात धरायची, मग पंचा पुढे करायचा. मेहुणे म्हणाले, मध्ययुगात जेवणाआधी आणि जेवणानंतर असे हात धुवायची रीतच होती, सगळे एकाच भांड्यात हात घालणार म्हटल्यावर शेजाऱ्याचे हात धुतलेले दिसलेच पाहिजेत. कोटवाल्यांना हे सगळं अजब वाटत होतं. बोटांची टोकं ओली करून ते खिदळत होते. आईने दोन्ही हात मनगटापर्यंत पुढे केले, नीट चोळून धुतले, आणि त्या पोरीला म्हणाली, "बाळ, तुझं कल्याण होवो." सोळा दिवसांत पहिल्यांदा जर्मनीने तिच्याशी ओळखीच्या भाषेत काहीतरी केलं होतं.

चोपदाराने नियम वाचून दाखवले आणि मेहुण्यांनी भाषांतर केलं. कुरतडलेलं हाड पुन्हा सगळ्यांच्या ताटात टाकू नये. टेबलाच्या कापडाला नाक पुसू नये. (हे नियम विनोदाने केलेले नाहीत, तेराव्या शतकातल्या टानहॉयजर नावाच्या कवीने सरदारांना अशाच सूचना लिहून ठेवल्या आहेत. नियम लिहावा लागतो याचा अर्थ आम्हा बँकवाल्यांना बरोबर कळतो.) बटाटा मागू नये, कारण कोलंबस अजून निघालेला नाही. आणि जो कोणी काटा मागेल त्याला खोड्यात घातला जाईल.

बटाट्यावरून मेहुण्यांना पुन्हा माहिती झाली. न्यूरेंबर्गच्या संग्रहालयात मार्टिन बेहाइमने १४९२ च्या सुमारास करवून घेतलेला पृथ्वीचा गोल आहे. जगातला सर्वांत जुना शिल्लक राहिलेला. कोलंबस परत यायच्या आत तो तयार झाला, म्हणून त्यावर अमेरिकाच नाही. त्या गोलाला 'एर्डआप्फेल' म्हणतात, म्हणजे भूमीचं सफरचंद. आणि ऑस्ट्रियात आणि दक्षिणेकडच्या बोलीत एर्डआप्फेल म्हणजे बटाटा! "म्हणजे बघा, नाव बटाटा आणि बटाट्याचा देशच त्याच्यावर नाही," असं म्हणून ते एकटेच हसले. आईने विचारलं, "मिरची?" मिरचीही तिकडूनच आलेली, असं त्यांनी सांगितलं. "आपल्याकडेसुद्धा पोर्तुगीजांनीच आणली, आई. त्याआधी सगळीकडे मिरीच." न्यूरेंबर्ग आणि ऑग्सबुर्गच्या व्यापाऱ्यांनी त्या मिरीसाठी १५०५ साली पोर्तुगीज आरमाराबरोबर हिंदुस्थानात जहाजं पाठवायला पैसे घातले होते, हेही कळलं. धनाढ्य व्यापाऱ्यांना जर्मनीत 'मिरीचं पोतं' अशी शिवीच आहे म्हणे. माझ्या डोळ्यांपुढे आमच्या शाखेतले दोन-तीन खातेदार आले.

आधी सूप आलं, मातीच्या वाडग्यात. चमचा नाही. ऑफिसवाले वाडग्याकडे आणि साहेबांकडे आळीपाळीने पाहू लागले. इतक्यात आमच्या टेबलावर एक आवाज झाला. तो आवाज मी जन्मापासून ओळखतो. आमसुलाचं सार, कढी, टोमॅटोचं सार, सगळ्यांना तो एकच लागू पडतो. आईने भुरका मारला होता.

समोर एक चष्मेवाली बाई बसली होती, ऑफिसातली अकौंटंट असावी. (ती बशीतले पाव मोजत होती.) तिने आईकडे पाहिलं, वाडगा उचलला आणि प्रयत्न केला. ठसका लागला. आईने मान हलवली, ओठ पुढे काढून दाखवले, हवा आणि सूप बरोबर आत घ्यायचं असतं हे हातवाऱ्यांनी समजावलं आणि पुन्हा एक भुरका मारून दाखवला. दुसऱ्या खेपेला बाईला जमला. मग साहेबांनी मारला. साहेबांनी मारल्यावर सगळ्या ऑफिसने मारला. मी बारा दिवसांमागे जिचं मनगट धरलं होतं, तिच्या हाताखाली दहा जर्मन भुरका शिकत होते आणि मी माझ्या वाडग्यात बघत होतो.

नंतर मुख्य जेवण. मांसाहारवाल्यांपुढे डुकराची तंगडी आणि कोंबड्या, आम्हा शाकाहारवाल्यांपुढे शिजवलेलं सातू, आख्खे मसूर, कोबी, अळंबी, आणि रस्सा. ताट म्हणून लाकडी पाटी. आता इथे सांगायला पाहिजे की जर्मन माणूस हाताने जेवायला लागला की तो फार मनापासून जेवतो. दोन्ही हात कामाला लागतात. पंजा पूर्ण बुडतो. रस्सा मनगटावरून कोपरापर्यंत येतो आणि तिथून शेजाऱ्याच्या खात्यात जमा होतो. एकाने तंगडी ओढली ती त्याच्या हातून निसटून साहेबांच्या लाळेऱ्यावर आली. लढाई हातघाईवर येणं म्हणजे काय ते मला त्या तळघरात समजलं. सत्तर युरो माणशी देऊन, म्हणजे सात हजार रुपये, ही मंडळी एका रात्रीपुरता आमच्या घरचा रोजचा कार्यक्रम करत होती, आणि त्यांना तो येत नव्हता.

आणि त्यांच्यामध्ये आई. तिने सातू पुढे ओढलं, मध्ये खळगा केला, त्यात मसूर आणि थोडा रस्सा घेतला, चार बोटांनी कालवलं. बोटांच्या दुसऱ्या पेरापलीकडे काही लागलं नाही. मग छोटा घास, अंगठ्याने अलगद आत. तोंड मिटलेलं. टेबलावर शीत नाही. चष्मेवाली बाई खाणं सोडून बघत होती. तिने अंगठा हलवून विचारलं, असं? आई म्हणाली, "अंगठ्याने पुढे ढकल. ढकल, ढकल. हां." हे शुद्ध मराठीत. बाईला शुद्ध कळलं.

माझी अवस्था वेगळी होती. मी दोन महिने कसून सराव केलेला माणूस. उजवा हात सुरी शोधत होता, डावा हात काटा शोधत होता आणि मसूर दोघांच्या मधून बुशकोटावर येत होते. चोपदार पाठीमागून चालला होता. मी काही विचार केला नाही. तोंडातून आपोआप, उच्चारासकट, बाहेर पडलं :

"आयने गाबेल, बिटे."

तळघरात शांतता पसरली. चोपदाराने काठी तीनदा आपटली. मशकवाल्याने मशकवाद्यातून रेड्यासारखा आवाज काढला. बहीण तोंडावर हात ठेवून "दादा, अरे!" म्हणाली, आणि दुसऱ्या मिनिटाला मी भिंतीशी असलेल्या लाकडी खोड्यात होतो, मधल्या भोकात मान, बाजूच्या भोकांत दोन मनगटं. शंभर लोक टाळ्या वाजवत होते. इतका वेळ जर्मनीत माझ्याकडे कोणी बघू नये म्हणून मी जिवाचं रान केलं होतं.

चोपदाराने माझा गुन्हा जाहीर केला. मग विचारलं, या माणसाला कोणी सोडवणार आहे काय? सोडवायचं तर एकच मार्ग. पंगतीतल्या कोणीतरी येऊन याला हाताने घास भरवावा. मेहुणे भाषांतर करत होते, पण आई त्याआधीच उठली होती. भरवायचं हे तिला भाषांतराशिवाय कळलं असावं.

पाटीतला सातू-मसुराचा घास घेऊन, दुसऱ्या हाताने पदर सावरत, ती सावकाश चालत आली. गुडघ्यांमुळे तिला वेळ लागतो. सगळं तळघर थांबलं होतं. माझ्यासमोर उभी राहिली. माझी मान अडकलेली, त्यामुळे मला तिच्याकडे बघण्यावाचून इलाज नव्हता. बारा दिवस मी ते टाळलं होतं.

"आ कर," आई म्हणाली.

"आई, मला..."

"भूक नाही म्हणू नकोस. आ कर."

मी शेचाळीस वर्षांचा आहे. मी आ केला. घास जरा मोठाच होता. सातूला मीठ कमी होतं, मसूर मात्र छान मऊ. डोळ्यांत पाणी आलं ते खोड्यामुळे, कारण त्यात मान वाकडी होते आणि घास घशात अडकतो. आईने पदराने माझी हनुवटी पुसली. मग टाळ्यांचा कडकडाट झाला, चष्मेवाली बाई तर उभी राहून वाजवत होती, आणि चोपदाराने खिळी काढली.

परत जाताना रस्ता दगडी फरशीचा होता म्हणून मी आईचा हात धरला. मेहुणे आणि बहीण पुढे होते. म्हटलं आता बोलून टाकावं. "आई, त्या दिवशी हॉटेलात मी..."

"त्यांच्या मसुराला फोडणीच नव्हती रे," आई म्हणाली. "लसूण घातला असता नुसता ठेचून, तरी कुठल्या कुठे गेलं असतं. त्या चष्मेवालीला सांगायला हवं होतं."

मी पुन्हा तो विषय काढला नाही.

निघायला दोन दिवस राहिले होते. साडेअकरा वाजले तरी आई स्वयंपाकघरात गेली नाही. पाचवारी बदलून, स्वेटर घालून, पायमोज्यांवर चपला चढवून दाराशी उभी राहिली. म्हणाली, "तो बटाट्याचा गोळा मी अर्धासुद्धा खाल्ला नव्हता. चल."

तेच हॉटेल, तीच वेट्रेस. दोन क्लोस आले. आईने पदर खोचला, तुकडा मोडला, रश्श्याला लावला. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने पाहिलं. बघू दे. मीही आज हातानेच जेवणार होतो. काटा आणि सुरी उचलली, ताटात एका बाजूला नीट जोडून ठेवली आणि शर्टाच्या बाह्या दुमडायला घेतल्या.

वेट्रेस आली. हसून काहीतरी म्हणाली. मी मान डोलावली.

आख्खा गोळा रश्श्यासकट स्वयंपाकघराच्या दारातून आत जाईपर्यंत मला काय झालं ते कळलं नाही. वळून पाहिलं तर आई आपल्या ताटातला गोळा मधोमध मोडत होती. अर्धा तिने ताटाच्या माझ्याकडच्या कडेला सारला.

"घे," म्हणाली, "आणि उजव्या हाताने."